सूर्यावरच्या चुंबकी नळ्या आणि सुपरकंडक्टरमधले व्होर्टेक्स एकच का?

इंदूरलाच एमएससी फिजिक्स करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "काका, सूर्यावरच्या डागांमध्ये मॅग्नेटिक फील्ड नळ्यांमध्ये गोळा झालेलं असतं, टाइप-२ सुपरकंडक्टरमध्येही फील्ड नळ्यांमधूनच आत शिरतं, आणि दोन्हीकडे भोवऱ्यांची गोष्ट निघते. प्लाझ्माचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो असंही वाचलं. मग सूर्य हा एक प्रकारचा सुपरकंडक्टरच समजायचा का? सेमिनारमध्ये असं मांडलं तर चालेल?" (सुपरकंडक्टर म्हणजे खूप थंड केल्यावर ज्याचा रेझिस्टन्स नाहीसा होतो असा पदार्थ; टाइप-२ म्हणजे त्यातला फील्डला बारीक नळ्यांमधून आत येऊ देणारा प्रकार, त्या नळ्या म्हणजेच व्होर्टेक्स; आणि प्लाझ्मा म्हणजे चार्ज असलेल्या कणांचा तापलेला वायू.)

नाही बेटा, तसं मांडू नकोस. पण विषय सोडूही नकोस, कारण ही दोन प्रकरणं शेजारी-शेजारी ठेवली की "रेझिस्टन्स नसलेला कंडक्टर" आणि "सुपरकंडक्टर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जितकं स्वच्छ कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही. माझं सगळं काम लिक्विड हीलियम, नायोबियम आणि मॅग्नेट यांच्यात गेलं, इथेच इंदूरला, आणि सूर्य हा जुना नाद, त्यामुळे दोन्हीबद्दल जरा मोकळेपणानं लिहितो. लांबेल, पण वाच.

आधी सूर्य. डागांमध्ये काहीतरी गरगर फिरतंय आणि म्हणून तिथे चुंबकत्व आहे, ही कल्पना जॉर्ज हेलची, १९०८ ची, कॅलिफोर्नियात माउंट विल्सनला. त्यानं हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्याचे फोटो काढले तर डागांभोवती वळलेल्या रेषा दिसल्या, आणि त्याला वाटलं की ही तर वादळंच आहेत. मग त्याचा तर्क असा की चार्ज असलेले कण गोल फिरतायत म्हणजे करंट आहे, करंट आहे म्हणजे फील्ड पाहिजे, आणि फील्ड असेल तर झीमननं १८९६ मध्ये दाखवल्याप्रमाणे स्पेक्ट्रल लाइन (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणारी ठरावीक रंगाची रेघ) फुटलेली दिसली पाहिजे. त्यानं बघितलं, लाइन खरंच फुटलेल्या होत्या, आणि फील्ड निघालं ३,००० गॉसच्या घरात (गॉस हे फील्डचं माप, दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला). पृथ्वीच्या बाहेर कुठेही चुंबकत्व सापडण्याची ही पहिली वेळ. पण गंमत बघ, निष्कर्ष बरोबर आणि कारण चुकीचं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, आपल्या कोडाईकनालला जॉन एव्हर्शेडनं डॉप्लर शिफ्टवरून (वायू जवळ येतोय की दूर जातोय यानुसार प्रकाशाच्या रंगात पडणारा फरक) हाच गोल प्रवाह शोधायला घेतला आणि त्याला दिसलं की वायू गोल फिरत नाहीये, डागाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला सरळ पसरतोय, सेकंदाला काही किलोमीटर या वेगानं. त्या वळलेल्या रेषा म्हणजे फील्डच्या रेषांना धरून पडलेला वायू, फिरणाऱ्या प्रवाहाचा माग नव्हे. तेव्हा पहिली गोष्ट ही पक्की कर की डागातलं फील्ड तिथल्या गरगर फिरण्यामुळे तयार होत नाही. सूर्यावर खरे भोवरे आहेत, ते वेगळेच, त्यांच्याकडे नंतर येतो.

मग फील्ड एका जागी गोळा का होतं? इथे तुझा तो "प्लाझ्माचा रेझिस्टन्स शून्य" वाला मुद्दा येतो आणि नेमकी इथेच बहुतेक मुलं फसतात. सूर्याच्या पृष्ठभागावर तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास, तिथला वायू बहुतांशी न्यूट्रल, आयन फारच थोडे, आणि त्याची कंडक्टिव्हिटी तांब्यापेक्षा हजारो पटींनी कमी आहे, कमी म्हणतोय मी, जास्त नाही. तरीही तिथे फील्ड वायूला चिकटून राहतं आणि तांब्यात राहत नाही. कारण काय, तर साइज. फील्ड एखाद्या कंडक्टरमधून झिरपून जायला जो वेळ लागतो तो लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तांब्याचा एक सेंटीमीटरचा तुकडा घे, हिशोब कर, फील्ड सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत झिरपून मोकळं होतं. आता तोच हिशोब सूर्यावरच्या दहा हजार किलोमीटरच्या डागाला लाव, वायू कंडक्टर म्हणून कितीही भिकार असला तरी उत्तर शेकडो वर्षं येतं. म्हणजे रेझिस्टन्स आहे, चांगला भरपूर आहे, पण जागा इतकी प्रचंड आहे की त्याला काम करायला वेळच मिळत नाही. हान्नेस आल्फव्हेननं १९४२-४३ च्या सुमारास हे मांडलं, की अशा वेळी फील्डच्या रेषा वायूत गोठल्यासारख्या असतात, वायू जाईल तिकडे त्या जातात. (डाग प्रत्यक्षात शेकडो वर्षं टिकत नाही, काही दिवस, काही आठवडे, मोठा असेल तर एखाद-दोन महिने, कारण आजूबाजूचा खळबळणारा वायू त्याला कुरतडून विस्कटून टाकतो. पण तो झिरपून नाही संपत, हे महत्त्वाचं.)

आता वायू स्वस्थ बसलेला नाही. खालून उष्णता येतेय, तिच्यामुळे पृष्ठभागावर हजारेक किलोमीटर रुंदीचे दाणे, ग्रॅन्यूल, सतत उकळून वर येतात, आठ-दहा मिनिटं जगतात आणि विरतात. दाण्याच्या मध्यात वायू वर येतो, कडेला पसरतो आणि दोन दाण्यांच्या मधल्या काळ्या फटीत खाली बुडतो. फील्ड वायूला चिकटलेलं, त्यामुळे तेही ढकललं जाऊन त्या फटींमध्ये जमतं. नायजेल वाइसनं १९६६ मध्ये कॉम्प्युटरवर करून दाखवलं की फिरणारा प्रवाह आपल्या पोटातून फील्ड बाहेर हाकलतो आणि कडेला त्याच्या नळ्या नाहीतर पातळ पदर बनवतो. बघ, इथेही "फील्ड बाहेर हाकललं" असं म्हणतात आणि मग लोकांना लगेच माइसनर इफेक्ट (सुपरकंडक्टर फील्ड बाहेर फेकतो तो, पुढे येतोच) आठवतो. पण हे हाकलणं प्रवाहाच्या जोरावर चाललंय, प्रवाह थांबव की संपलं.

आणि या नळीत फील्ड किती जोरदार होऊ शकतं याचाही हिशोब साधा आहे, सेमिनारमध्ये फळ्यावर करून दाखव, ऐकणाऱ्यांना आवडेल. फील्डचा स्वतःचा दाब असतो, बी-वर्ग भागिले दोन म्यू-नॉट (बी म्हणजे फील्ड, म्यू-नॉट हा ठरलेला स्थिरांक). नळीतला वायू जवळजवळ पूर्ण रिकामा झाला असं धर, तर बाहेरच्या वायूचा दाब आतल्या फील्डच्या दाबानं तोललेला पाहिजे. पृष्ठभागावर वायूचा दाब साधारण १२,००० पास्कल, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या आठव्या हिश्श्याइतका. आकडे टाक, फील्ड येतं १,७०० गॉसच्या जवळ. आणि प्रत्यक्षात त्या फटींमधल्या, शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या बारीक नळ्यांमध्ये मोजलेलं फील्ड १,५०० गॉसच्या आसपासच सापडतं. मोठ्या डागात ३,००० का मग? कारण डागातला वायू विरळ आणि पारदर्शक, आपल्याला तिथे काही शे किलोमीटर खोलवरचं दिसतं, जिथे बाहेरचा दाब जास्त आहे. डाग बशीसारखा खोलगट दिसतो हे ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सननं १७६९ मध्येच टिपलं होतं, चुंबकत्वाचा पत्ताही नव्हता तेव्हा! आणि डाग काळा का, तर इतकं फील्ड असलं की वायूला वर-खाली करता येत नाही, खालची उष्णता वर पोचत नाही, म्हणून तो ४,००० केल्विनच्या आसपास थंड पडतो.

हे सगळं नीट बघितलंस तर सूर्यावरच्या नळीचं भांडण फक्त दाबाशी आणि प्रवाहाशी आहे. ती किती जाड असावी, तिच्यात किती फ्लक्स (नळीतून जाणारं एकूण फील्ड) असावा यावर निसर्गाचं काही बंधन नाही. शंभर किलोमीटरची असेल, वीस हजारांची असेल, फाटून चार होतील, चार मिळून एक होईल.

आता सुपरकंडक्टरकडे ये. हाइके कामरलिंग ओनेसला १९११ मध्ये पाऱ्याचा रेझिस्टन्स ४.२ केल्विनला नाहीसा झालेला दिसला, आणि पुढची बावीस वर्षं सगळे हेच समजत होते की सुपरकंडक्टर म्हणजे परफेक्ट कंडक्टर, बस. म्हणजे तू जे समजतेयस तेच त्या काळचे मोठमोठे लोक समजत होते. परफेक्ट कंडक्टरला आधी फील्डमध्ये ठेवून मग थंड केलं तर काय व्हायला पाहिजे? काहीच नाही. आत जे फील्ड आहे ते तिथेच अडकून राहिलं पाहिजे, कारण फील्ड बदलू द्यायचंच नाही हा परफेक्ट कंडक्टरचा एकमेव नियम. १९३३ मध्ये बर्लिनला माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी कथील आणि शिसं घेऊन हेच करून बघितलं, आणि फील्ड बाहेर फेकलं गेलं. कोणी ढकललं नाही, कुठला प्रवाह नाही, नुसतं थंड केलं आणि फील्ड बाहेर. म्हणजे सुपरकंडक्टर आपला इतिहास विसरतो, तू आधी फील्ड लावलंस की आधी थंड केलंस याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याची एकच ठरलेली अवस्था असते आणि ती कमीत कमी एनर्जीची असते. सूर्याचा प्लाझ्मा याच्या बरोबर उलट, तो इतिहास कधीच विसरत नाही, जे फील्ड मिळालं ते वाहत फिरतो. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे इथे आहे, बाकीचं सगळं याच्यातून निघतं.

मग टाइप-२ मध्ये फील्ड आत शिरतं ते कसं? गिंझबर्ग आणि लांडाऊ यांनी १९५० मध्ये थिअरी दिली, तिच्यात दोन लांब्या आहेत. एक, फील्ड पृष्ठभागातून किती आत पोचतं ती, आणि दुसरी, सुपरकंडक्टिंग अवस्था शून्यापासून पूर्ण भरात यायला किती अंतर घेते ती. पहिली लांबी दुसरीपेक्षा पुरेशी मोठी असली (नेमकं सांगायचं तर त्यांचं गुणोत्तर एक भागिले रूट दोनच्या वर) की नॉर्मल (सुपरकंडक्टिंग नसलेल्या) आणि सुपरकंडक्टिंग भागांच्या मधल्या सीमेची एनर्जी निगेटिव्ह होते. याचा अर्थ जितकी सीमा जास्त तितका फायदा, म्हणून आत शिरलेलं फील्ड एका जाड नळीत राहण्याऐवजी जितक्या बारीक नळ्या होता येतील तितक्या बारीक होत जातं. कुठपर्यंत? आता इथे क्वांटम येतं. सुपरकंडक्टरमधले सगळे इलेक्ट्रॉनचे जोड मिळून एकच वेव्ह, तिला फेज आहे, आणि नळीभोवती एक फेरी मारून परत आलं की फेज पूर्ण वळसेच घेऊ शकते, एक, दोन, तीन, अर्धा नाही. म्हणून नळीतला फ्लक्स कमीत कमी एच भागिले दोन ई (एच प्लांकचा स्थिरांक, ई इलेक्ट्रॉनचा चार्ज), म्हणजे २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात इतके वेबर. याच्याखाली तुकडा होत नाही. नळीच्या मधोमध सुपरकंडक्टिव्हिटी शून्य, आणि तिच्याभोवती करंट खरोखर गोल फिरत असतो, न थांबता. सूर्यावरच्या डागात हेलला जे हवं होतं, की फिरण्यामुळे फील्ड, ते इथे सापडतं!

अलेक्सी अॅब्रिकोसोव्हनं हे १९५३ मध्येच काढलं होतं पण लांडाऊला पटेना, म्हणून छापलं १९५७ मध्ये, आणि नोबेल मिळालं २००३ ला. त्याच्या गणितात नळ्यांची जाळी चौकोनी आली होती, १९६४ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की त्रिकोणी जाळीची एनर्जी किंचित कमी आहे. १९६७ मध्ये एस्मान आणि ट्रॉयब्ले यांनी शिसं-इंडियमच्या नमुन्यावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बसू दिले, कण जिथे-जिथे फील्ड बाहेर येतं तिथे जमले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर समोर चक्क ठिपक्यांची त्रिकोणी जाळी. हा फोटो सेमिनारमध्ये नक्की दाखव.

आता आकडे शेजारी ठेव. एक टेस्लाला दोन व्होर्टेक्समधलं अंतर ४९ नॅनोमीटर, एका चौरस सेंटीमीटरमध्ये ४,८०० कोटी व्होर्टेक्स. वीस हजार किलोमीटर रुंदीच्या डागात ०.३ टेस्ला धरलं तर फ्लक्स १ वर १४ शून्यं इतके वेबर, त्याला क्वांटमनं भागलं तर ५ वर २८ शून्यं. भागाकार करता येतो म्हणून तो फ्लक्स क्वांटाइज्ड आहे असं मात्र म्हणू नकोस, सूर्यावर फेज राखणारी कुठली एकसंध वेव्ह नाही, त्यामुळे तिथे फ्लक्स कितीही घ्या, कसाही तोडा.

माझ्या रोजच्या कामात हा फरक कसा भेटतो ते सांगतो, कारण पुस्तकात हे कमी मिळतं. इथे राजा रामण्णा केंद्रात नायोबियमच्या कॅव्हिटी (कणांना वेग देणारे पोकळ डबे) बनतात, त्यांची टेस्ट होते, अॅक्सिलरेटरसाठी. कॅव्हिटी २ केल्विनला चालवायची. नायोबियम ९.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतो, आणि आपण थंड करत असताना आजूबाजूला पृथ्वीचं फील्ड असतंच, अर्ध्या गॉसपेक्षा किंचित कमी. माइसनर म्हणतो सगळं बाहेर गेलं पाहिजे. आदर्श नायोबियममधून जाईलही, पण खऱ्या पत्र्यात धातूच्या स्फटिक-दाण्यांच्या कडा असतात, डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधल्या चुका) असतात, काही ठिकाणी ताण असतो, आणि व्होर्टेक्सच्या मधल्या नॉर्मल भागाला अशी खराब जागा स्वस्त पडते म्हणून तो तिथे अडकून बसतो. पृथ्वीच्या फील्डमध्ये व्होर्टेक्स एकमेकांपासून सातेक मायक्रॉनवर, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमध्ये वीसेक लाख. मग कॅव्हिटीत आरएफ (रेडिओ लहरींचं फील्ड) चालू केलं की हे अडकलेले व्होर्टेक्स हलायला लागतात आणि उष्णता काढतात. १.३ गिगाहर्ट्झला हिशोब असा की अडकलेल्या प्रत्येक मिलीगॉसमागे ०.३ नॅनोओम सरफेस रेझिस्टन्स वाढतो. चांगल्या कॅव्हिटीचा एकूण रेझिस्टन्स दहा नॅनोओमच्या आसपास हवा, आणि पृथ्वीचं सगळं फील्ड अडकलं तर एकट्याचाच शंभराच्या वर जातो! २ केल्विनला एक वॅट उष्णता बाहेर काढायला खोलीच्या तापमानाला सातशे-आठशे वॅट, कधी त्याहून जास्त लागतात, मग कळतं की हे अर्धा गॉस किती महाग आहे. म्हणून म्यू-मेटलचं (बाहेरचं फील्ड अडवणाऱ्या मिश्रधातूचं) शील्ड, म्हणून कॅव्हिटीजवळ लागणारा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक क्लँप गॉसमीटरनं तपासायचा. २०१४ च्या सुमारास फर्मीलॅबच्या लोकांनी दाखवलं की थंड करताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमानाचा उतार तीव्र ठेवला तर व्होर्टेक्स पुढे झाडून काढले जातात आणि अडकणं खूप कमी होतं. मला हा निकाल फार आवडतो, कारण पैसे न लावता, नुसतं थंड करण्याची पद्धत बदलून फायदा.

आणि एमआरआयमध्ये बरोबर उलटं. आपल्या इथल्या कुठल्याही हॉस्पिटलमधलं १.५ टेस्लाचं मशीन घे, नायोबियम-टायटॅनियमची तार, ४.२ केल्विन, करंट एकदा भरला की वर्षानुवर्षं बाहेरून सप्लाय न लावता फिरतोय. तारेत व्होर्टेक्स ४० नॅनोमीटरवर दाटीनं उभे, आणि करंट त्यांना बाजूला ढकलतोय. व्होर्टेक्स सरकला की व्होल्टेज, व्होल्टेज आलं की उष्णता, उष्णता वाढली की क्वेंच (तारेची सुपरकंडक्टिव्हिटी एकदम जाणं) आणि हीलियम छपरातून बाहेर. म्हणून तिथे व्होर्टेक्स खिळवून ठेवायचे, तार पुन्हापुन्हा तापवून आणि ओढून तिच्यात टायटॅनियमचे नॅनोमीटर मापाचे कण मुद्दाम तयार करायचे. व्होर्टेक्स तोच, एका ठिकाणी आम्ही त्याला हाकलतो, दुसऱ्या ठिकाणी खिळे ठोकून बसवतो. सूर्यावर खिळा नावाची गोष्टच नाही, तिथे घन काही नाहीच, उलट नळीतला वायू विरळ म्हणून ती हलकी, खोलवरून तरंगत वर येते (पार्कर, १९५५) आणि पृष्ठभाग फोडून दोन टोकांनी बाहेर येते, एक टोक उत्तर, एक दक्षिण, म्हणून डाग बहुधा जोडीनं दिसतात.

पण साम्य अजिबात नाही असंही नाही, एक साम्य खरं आहे आणि सेमिनारचा शेवटचा भाग त्याच्यावर ठेवता येईल. चार्ल्स बीननं १९६२ मध्ये मांडलं की खिळलेले व्होर्टेक्स असलेल्या सुपरकंडक्टरमध्ये फील्ड कडेपासून आत एका ठरावीक उतारानं कमी होत जातं आणि तो उतार म्हणजेच क्रिटिकल करंट. छावणीच्या मंडीत गव्हाचा ढीग बघितला असशील, वरून कितीही ओत, उतार तोच राहतो, मधूनच थोडं घसरतं, कधी एकदम मोठी बाजू खाली येते. बाहेरचं फील्ड हळूहळू वाढवत नेलं की व्होर्टेक्सही असेच टोळीनं घसरतात, १९९५ मध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या नळीत अशा घसरणी मोजल्या गेल्या, लहान खूप, मोठ्या थोड्या, आणि मधे कुठला ठरलेला साइज नाही. सूर्यावरच्या ज्वाळांचं, फ्लेअरचं, गणितही तसंच, लहान असंख्य, मोठ्या विरळ, आणि लू व हॅमिल्टन यांनी १९९१ मध्ये हाच घसरणीचा विचार तिथे लावला. डागांच्या वरच्या भागात फील्डला पीळ बसत जातो, ताण साठतो, आणि कुठेतरी रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात. मोठ्या फ्लेअरमध्ये १ वर २५ शून्यं इतके जूल मोकळे होतात. मे २०२४ मध्ये लडाखला हानलेहून लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसला तो अशाच एका पिळलेल्या डागांच्या समूहामुळे. हे साम्य सगळं वागण्याच्या हिशोबाचं आहे, कारण वेगळंच, तेवढं स्पष्ट बोल.

आता ते खरे भोवरे. ग्रॅन्यूलच्या मधल्या फटींमध्ये वायू खाली बुडताना आत खेचला जातो आणि त्याचं थोडंसं फिरणं अँग्युलर मोमेंटममुळे वाढतं, असे छोटे भोवरे १९८८ पासून दिसलेत. फटीत चुंबकी नळी असतेच, तिचा पाय असा फिरला की वरचा हजारो किलोमीटरचा भागही फिरायला लागतो. २०१२ मध्ये वेडेमायर-ब्यूम आणि सहकाऱ्यांनी ला पाल्माच्या दुर्बिणीतून आणि उपग्रहाच्या फोटोंवरून हे दाखवलं, त्यांना मॅग्नेटिक टॉर्नेडो म्हटलं, आणि कुठल्याही क्षणी सूर्यावर असे किमान ११ हजार असतील असा अंदाज दिला. कोरोना (सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण) लाखो केल्विन कसा तापतो या जुन्या प्रश्नात यांचा वाटा किती याच्यावर अजून वाद आहे. आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून आपल्या जागेवर आहे, त्याच्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं केलीय, तिचा डेटा तुझ्यासारख्या मुलांनी उघडून बघावा असं मला मनापासून वाटतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे तुझं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं, ताऱ्यातच सुपरकंडक्टर. न्यूट्रॉन स्टार, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला अतिदाट गाभा. १९६९ मध्ये बेम, पेथिक आणि पाइन्स यांनी मांडलं की त्याच्या आतले प्रोटॉन जोड्या करून टाइप-२ सुपरकंडक्टर होत असावेत, आणि तिथलं १ वर १२ शून्यं गॉसचं फील्ड क्वांटाइज्ड नळ्यांमधून जात असावं, नळी-नळीतलं अंतर हिशोबानं पाचेक पिकोमीटर, म्हणजे अणूपेक्षाही बारीक. शिवाय न्यूट्रॉन सुपरफ्लुइड (घर्षणाशिवाय वाहणारा द्रव), त्याचे वेगळे व्होर्टेक्स, ते तर ताऱ्याच्या फिरण्याचेच. त्याच वर्षी वेला पल्सर (गरगर फिरणारा एक न्यूट्रॉन स्टार) एकदम किंचित जोरात फिरायला लागलेला दिसला, आणि पुढे १९७५ मध्ये अँडरसन आणि इतोह यांनी त्याचं कारण असं सुचवलं की कवचाला अडकलेले व्होर्टेक्स एकदम सुटतात. हा तोच फिलिप अँडरसन ज्यानं १९६२ मध्ये तारेतले खिळलेले व्होर्टेक्स हळूहळू कसे सरकतात ते सांगितलं होतं. म्हणून शीर्षक बदलायचं असेल तर "सूर्य, नायोबियमची तार आणि न्यूट्रॉन स्टार" असं कर, तिघांना घेतलंस की फरक आपोआप उभा राहतो.

आणि डेमो जरूर ठेव. डिपार्टमेंटमध्ये यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची गोळी मिळाली तर लिक्विड नायट्रोजनमध्येच काम होतं, कारण ती ९२ केल्विनलाच सुपरकंडक्टर होते. दोनदा कर. एकदा गोळी आधी थंड करून मग वरून मॅग्नेट आण, तो ढकलला जाईल. दुसऱ्यांदा गोळी पूर्ण गरम होऊ दे, मॅग्नेट जवळ ठेव, मधे पुठ्ठ्याचा तुकडा, आणि मग थंड कर. पुठ्ठा काढून मॅग्नेट चिमट्यानं हळूच वर उचल, गोळीही त्याच्यामागे उचलली जाईल, उलटी केली तरी लटकून राहील, हे अडकलेल्या व्होर्टेक्समुळे. इथे कोणीतरी हमखास विचारेल की मग माइसनर कुठे गेला, फील्ड तर आतच राहिलं, हे परफेक्ट कंडक्टरसारखं नाही का झालं? याचं उत्तर तयार ठेव: गोळी अशुद्ध आहे, खिळे भरपूर आहेत, आणि फील्ड आत राहिलंय ते क्वांटमच्या नळ्यांमध्ये, सलग नाही. शुद्ध शिशाचा नीट अनील केलेला (तापवून हळूहळू थंड केलेला) तुकडा लिक्विड हीलियममध्ये घेतला तर दुसऱ्या वेळीही फील्ड जवळजवळ सगळं बाहेर जातं. हातमोजे जाड घाल, डोळ्यांवर चष्मा, खोलीच्या खिडक्या उघड्या, नायट्रोजन बंद खोलीत ऑक्सिजनला हुसकावून लावतो. आणि डाग बघायचे असतील तर छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाड, डोळा दुर्बिणीला कधीही लावू नकोस, फाइंडरलाही (दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला) झाकण लाव. पावसाळा सरला की इंदूरला सकाळी नऊच्या सुमारास हवा बऱ्यापैकी स्थिर असते, रोज त्याच वेळी कागदावर डागांची जागा पेन्सिलनं टिपून ठेवलीस तर आठवड्याभरात सूर्य फिरलेला दिसतो आणि कुठला डाग कुरतडला जातोय तेही कळतं.